दुखणं किडनीचं, धोका हृदयाला!

आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं न्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. वडूजच्या बाजारात दोन शहाळी घेतली की झालं! पण पेशंट किडनीचा असेल तर जरा थांबा. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. चांगली किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते, थकलेल्या किडनीला ते जमत नाही. ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात, कधी हृदय बंदही पडतं.

किडनीच्या जुनाट आजारात हृदयावर असे चारही बाजूंनी घाव बसतात. मीठ-पाणी अंगात साचतं आणि बीपी चढतं. त्या दाबाविरुद्ध पंपिंग करून हृदयाची भिंत जाड होते. रक्त वाढवणारं हार्मोन कमी पडल्याने हिमोग्लोबिन घसरतं. फॉस्फरस वाढून रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं, त्या कडक होतात. म्हणूनच असे कितीतरी पेशंट डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने दगावतात.

जयप्रकाश नारायण यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आणीबाणीत अटकेत असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. १९७५ मध्ये सुटल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार झाले आणि पुढे ते डायलिसिसवरच जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचं निधन झालं, ते मधुमेह आणि हृदयविकाराने.

मग आपण काय करायचं? घरात कुणाला शुगर किंवा बीपी असेल, तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. लघवीतून प्रोटीन जाऊ लागलं, की किडनीसोबत हृदयालाही धोका आहे असं समजा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका छोट्या चमच्याहून कमी. खर्डा, लोणचं, पापडातलंही त्यातच धरा! ‘कमी सोडियम’वालं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेणंही बंद.

किडनीच्या पेशंटला चालताना धाप लागली, पाय सुजले किंवा रात्री आडवं झाल्यावर श्वास कोंडला, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि ईसीजीबद्दल विचारा. छातीत दुखलं तर १०८ ला फोन लावा. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, हे आजी-आजोबांना सांगून ठेवा.