विश्लेषण : हिवाळ्यात पहाटे सायकल चालवणे फायद्याचे की त्रासाचे?

थंडी पडली की येऊरचा चढ, घोडबंदर मार्ग आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावर पहाटे सायकलस्वार दिसू लागतात. घाम कमी, गर्दी कमी. मात्र याच वेळी हवा अनेकदा सर्वाधिक खराब असते.

असे का होते?
रात्री जमिनीलगतची हवा गार व जड होते. तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वारा मंद असल्याने वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ खालीच अडकते. ऊन चढले की जमीन तापते, हवा वर सरकते आणि धुरके विरते.

सायकलस्वारांना त्रास जास्त का?
चढावर दम लागतो, तोंडाने श्वास घेतला जातो. नाकातील गाळणी टळते आणि विश्रांतीच्या तुलनेत कितीतरी पट हवा, तिच्यासोबत ‘पीएम २.५’ हे सूक्ष्म कण फुप्फुसांत जातात.

मग काय करावे?
निघण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर निर्देशांक पाहावा. १०० पर्यंत हवा समाधानकारक, २०० च्या पुढे ‘वाईट’. अशा दिवशी घरातच व्यायाम बरा. दमा किंवा हृदयविकार असल्यास १०० ओलांडताच जपावे. शक्य असल्यास ऊन चढल्यावर निघावे.

इतर ऋतूंत काय?
उन्हाळ्यात गणित उलटे. उन्हापूर्वी परतणे हिताचे. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, पण पहिल्या सरींत तेल-धूळ मिसळून रस्ता निसरडा होतो. वेग कमी ठेवावा, ब्रेक आधीपासून हळूहळू दाबावा.