चष्मा आहे, मग नेमबाजी जमेल का?

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात घडलेल्या स्वप्निल कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक जिंकलं आणि पुण्यात रायफलची चर्चा घरोघरी पोचली. मूल हट्ट धरतं, तेव्हा आईवडिलांची पहिली शंका असते, ‘अहो, पण याला चष्मा आहे!’

असू द्या. देशाला २००८ मध्ये पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणारा अभिनव बिंद्रासुद्धा चष्मा वापरतो. नंबरची काच लावून नेम धरायला नियमांची मुभा आहे. रायफलच्या रिअर साइटवरही (डोळ्याकडच्या साइटवर) ती बसवता येते; पिस्तुलावर मात्र नाही.

दुसरा समज असा, की दहा गुणांचा ठिपका दिसायलाच हवा. १० मीटर एअर रायफलमध्ये हा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. तेवढ्या अंतरावरून ६/६ नजरेला साधारण तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू जेमतेम वेगळे ओळखता येतात. त्यामुळे नेमबाज तो ठिपका शोधतच नाही. साडेतीस मिलिमीटरचं काळं वर्तुळ नळीच्या टोकाकडच्या फ्रंट साइटच्या कड्यात मधोमध बसलंय का, भोवतीची पांढरी फट सगळीकडे सारखी आहे का, एवढंच तो पाहतो.

पिस्तुलाच्या बाबतीत तर आपल्याला लहानपणापासून ऐकलेली अर्जुनाची गोष्ट आड येते. फक्त पक्ष्याचा डोळा पाहायचा, हे इथे चालत नाही. नजर स्थिर हवी ती फ्रंट साइटवर. लक्ष्य धूसरच दिसलं पाहिजे. याचं गणित साधं आहे. दोन्ही साइटमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असेल आणि फ्रंट साइट एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा ३३ मिलिमीटर बाजूला जातो आणि दहाऐवजी सहा गुण पडतात. अख्खा हात तसाच सरळ एक मिलिमीटर सरकला, तर छर्राही मिलिमीटरभरच हलतो. म्हणून लक्ष्याकडे टक लावणाऱ्या तीक्ष्ण नजरेपेक्षा फ्रंट साइटची कड नीट पाहणारी नजर जास्त गुण मिळवते.

एक डोळा घट्ट मिटायचीही गरज नाही. त्याने चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात, उघडा डोळाही थकतो. न वापरायच्या डोळ्यासमोर ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी लावायला परवानगी आहे, तीच बरी. जास्त वेळ रोखून पाहिल्याने नेम सुधारतो हेही खरं नाही. डोळा आणि हात दोन्ही शिणतात. अशा वेळी शस्त्र खाली घेऊन पुन्हा सुरुवात करावी.

तिरंदाजीतलं उदाहरण तर थक्क करणारं आहे. डाव्या डोळ्याची दृष्टी जेमतेम ६/६० असलेल्या कोरियाच्या इम डाँग-ह्यूनने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ७२ बाणांत ६९९ गुणांचा विश्वविक्रम केला. तो लक्ष्यावरचे रंग ओळखून नेम धरायचा.

म्हणून नजर तपासूच नये, असं नाही. सिलिंड्रिकल नंबर राहून गेला तर साइटची कड फाटल्यासारखी दिसते आणि चाळिशीनंतर फ्रंट साइटवर नजर ठरत नाही. वाचायचा चष्मा तिथे उपयोगाचा नसतो, कारण फ्रंट साइट पुस्तकापेक्षा बरीच लांब असते. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी नेम धरलेल्या स्थितीत डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तो आकडा त्यांना आवर्जून सांगा.