बीजगणितातलं 'का?' टीकाकारांना विचारा

दहावीचं बीजगणित घोकणारा मुलगा भाईंदरच्या केबिन रोडवरचा असो की चाळीसगावचा, भास्कराचार्यांविषयी दोन गोष्टी त्याच्या कानावर हमखास येतात. त्यांनी 'लीलावती'त बीजगणित लिहिलं, आणि ते सगळं एकट्याने शोधलं. दोन्ही चूक. 'लीलावती' मुख्यतः अंकगणिताची. 'बीजगणित' हा ११५० मध्ये पूर्ण झालेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा वेगळा भाग. वर्गसमीकरणाची रीत तर भास्कराचार्य श्रीधराचार्यांचं नाव घेऊनच देतात. श्रेय लाटण्याची हौस आपली, त्यांची नव्हे.

तिसरा गैरसमज जास्त चिवट आहे: संस्कृत गणित म्हणजे श्लोकातली सूत्रं, पाठ करा, कारण विचारू नका. मूळ श्लोक त्रोटक आहेत हे खरंच. पण ग्रंथ टीकेसह, म्हणजे भाष्यासह, शिकायचा असे, आणि उपपत्ती, म्हणजे 'का?'चं उत्तर, टीकेत असे. 'बीजगणिता'तलं वानरांचं गणित पाहा. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरं गुहेत गेली, एक बाहेर दिसतं, एकूण किती? उत्तरं ५० आणि ५. पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. म्हणून भास्कराचार्य ५ नाकारतात. व्यवहारात ऋण संख्येवर लोकांचा विश्वास नसतो, म्हणतात.

मग ऋण म्हणजे तरी काय? १६००च्या सुमारास 'बीजगणिता'वर 'बीजपल्लव' ही टीका लिहिणारे कृष्ण दैवज्ञ ऋणत्व तीन प्रकारचं मानतात: देशाचं, काळाचं आणि वस्तूचं. भाईंदरहून विरारकडचं अंतर धन धरलं, तर चर्चगेटकडचं ऋण. शाळेतली संख्यारेषा याहून वेगळं काय सांगते?

कृष्णांचं घराणं मूळचं विदर्भातल्या दधिग्रामचं, नंतर काशीत स्थिरावलेलं. त्यांच्याआधी, १५३८ मध्ये, गोदाकाठच्या पार्थपूरच्या सूर्यदासांनी 'बीजगणिता'वर 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली होती. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख त्याहूनही जुना: भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची ही नोंद १२०७ची.

हे ज्ञान पोथीतच कुजलं, हाही गैरसमजच. 'बीजगणिता'चं फारसी भाषांतर अताउल्ला रशीदीने १६३४च्या सुमारास केलं. त्यावरून स्ट्रेचीने १८१३ मध्ये इंग्रजी केलं. कोलब्रुकने १८१७ मध्ये थेट संस्कृतावरून भाषांतर केलं, तेव्हा तळटीपांत सूर्यदास आणि कृष्ण यांच्या टीकाही घेतल्या.