भाजक्या चहाची जपानी रीत

आई गेल्यानंतर आमच्या अण्णांनी रात्री नऊचा चहा सोडला नाही. दोघांचा तो नित्यक्रम होता; आता ते एकटेच कप घेऊन खिडकीशी बसतात. गेल्या वर्षी झोप उडाल्याची तक्रार वाढली, तेव्हा डॉक्टरांनी सायंकाळनंतरचा चहा वर्ज्य केला. अण्णांनी वाद घातला नाही, पण नऊ वाजले की हात उगीचच तिपाईकडे जाई. ते पाहवेना, म्हणून शोध सुरू झाला आणि तो थेट जपानमधील क्योतो शहरी जाऊन थांबला.

तेथे ‘होजिचा’ नावाचा चहा आहे. ‘होजिरु’ म्हणजे भाजणे आणि ‘चा’ म्हणजे आपला चहाच. जपानी हिरव्या चहाची पाने खुडल्यावर लगेच वाफवतात, त्यामुळे ती काळी पडत नाहीत. होजिचासाठी अशीच तयार पाने, बहुधा जून पाने आणि देठ, मोठ्या आचेवर पुन्हा भाजतात. १९२० च्या दशकात क्योतोतील व्यापाऱ्यांनी उरलेले देठ व भरड पाने कोळशावर भाजून विकावयास आरंभ केला, तेव्हापासून हा चहा रूढ झाला असे मानतात. पडून असलेल्या मालाचे असे सोने झालेले पाहून आम्हा बँकवाल्यांना थकीत कर्जाची वसुली न आठवली तरच नवल! कानाझावा शहरात तर केवळ देठांचा भाजका चहा मोठ्या आवडीने पितात.

देठांत व जून पानांत कोवळ्या कळ्यांपेक्षा कॅफिन मुळातच कमी असते. भाजल्याने तुरटपणाही उतरतो, रंग तांबूस होतो आणि भाजक्या दाण्यांसारखा खमंग वास येतो. म्हणूनच जपानी घरांतून तो रात्रीच्या जेवणानंतर, लहानांना आणि वृद्धांनाही देतात. मात्र तो सर्वस्वी कॅफिनमुक्त नव्हे. त्यामुळे आम्ही डॉक्टरांना विचारूनच अर्धा कप ठरवला.

होजिचा विकत मिळतो, पण स्वस्त नाही. जपानमध्ये जुना झालेला हिरवा चहा घरीच भाजून घेण्याची पद्धत आहे. आमच्या कपाटात दिवाळीच्या भेटीतला हिरव्या चहाचा डबा तसाच पडून होता. वास मंदावलेला, पण बुरशी वा ओल नव्हती. आपल्याकडील हिरवा चहा पुष्कळदा वाफवलेला नसतो, त्यामुळे अस्सल होजिचाची चव येणार नाही, हे मान्य करूनच कढई चढवली.

पहिला घाणा जळाला. चूक अशी, की रंग मनासारखा आल्यावर मी गॅस बंद केला आणि फोन घ्यावयास गेलो. तापलेल्या कढईने उरलेले काम केले. जपानी लोक यासाठी ‘होरोकु’ नावाचे मातीचे भांडे वापरतात. त्याच्या पोकळ मुठीतून भाजलेला चहा तत्काळ बाहेर ओतता येतो. त्यामागील शहाणपण मला तेव्हा उमगले! दुसऱ्या खेपेस कोरड्या, जाड बुडाच्या कढईत तीन चमचे पाने मंद आचेवर सतत हलवीत राहिलो. चार-पाच मिनिटांत धूर दिसू लागण्याच्या बेतात पाने बदामी झाली, ती लगेच ताटात पसरली.

आता दुधाचा प्रकार. ‘लाते’ हा इटालियन शब्द, अर्थ दूध. ही जोडणी अलीकडच्या उपाहारगृहांची. एका कपासाठी पाच ग्रॅम भाजकी पाने (हलकी असल्याने दोन मोठे चमचे तरी भरतात) घेऊन त्यांवर शंभर मिलिलिटर उकळते पाणी ओतावे आणि झाकून चार मिनिटे ठेवावे. नुसता प्यावयाचा असता तर अर्धे मिनिट पुरले असते, परंतु दुधापुढे टिकावयाचे तर अर्क दाट हवा. गाळून घ्यावा. दीडशे मिलिलिटर दूध वाफा येईतो तापवावे, उतू जाऊ देऊ नये. मग रवीने घुसळले की छान फेस येतो. त्यासाठी निराळे यंत्र घेण्याची गरज मला वाटली नाही. होजिचाची पूड मिळाल्यास एक चमचा चाळून थोड्या गरम पाण्यात घोटावी आणि वर दूध ओतावे.

गोडीसाठी गूळ उत्तम. जपानमध्ये ओकिनावा बेटांवर उसाच्या रसापासून काळी साखर करतात, ती आपल्या गुळाचीच बहीण. भाजक्या चहाशी तिचे चांगले जमते. मात्र गूळ अर्कात विरघळवावा, तापत्या दुधात नव्हे. दूध फाटण्याचा अनुभव गृहिणींना मी सांगावयास नको.

त्या रात्री अण्णांनी पहिला घोट घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चहा म्हणायला हरकत नाही. यात आलं चालतं का रे?”

“चालतं की, अण्णा,” मी म्हणालो आणि किसणी शोधावयास गेलो.