विमानतळावरची वेगळी रांग: कुणाच्या कामाची, कुणाच्या नाही?



जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं आज नोकरीसाठी परदेशात आहेत. लेकीचं बाळंतपण तिकडेच होणार असेल, तर आईला जावं लागतं. आणि जाणं ठरलं की कुणीतरी भेटतंच, "काकू, दोन हजार द्या, रांगेत उभं राहायला लागणार नाही असं कार्ड काढून देतो." आज या रांगेबद्दलच बोलू या. पैसे काढण्याआधी एवढं ऐकून घ्या.

विमानतळावर मुख्य तपासण्या तीन. पहिली दारातली, तिथे तिकीट आणि ओळखपत्र बघतात. दुसरी सुरक्षेची, तिथे बॅग मशीनमधून जाते आणि आपली अंगझडती होते. बायकांची झडती पडद्याआड महिला कर्मचारीच घेतात, त्यामुळे घाबरू नका. तिसरी फक्त परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्यांची. तिला इमिग्रेशन म्हणतात. तिथे अधिकारी पासपोर्ट आणि व्हिसा तपासून शिक्का मारतो. कोणती योजना यातली कोणती रांग कमी करते, हे कळलं की निवड सोपी होते.

पहिली योजना डिजियात्रा. ती १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत सुरू झाली. आता मुंबई-पुण्यातही आहे. मोबाइलवर ॲप घ्यायचं, आधारनं ओळख पटवायची, स्वतःचा फोटो काढायचा आणि प्रवासाआधी बोर्डिंग पास त्यात टाकायचा. मग दारातला कॅमेरा चेहरा ओळखतो आणि दार उघडतं. पण ही सोय देशातल्या देशात फिरणाऱ्यांसाठी आहे. दुबईला निघालेल्या आईला तिचा उपयोग नाही. शिवाय ती ऐच्छिक आहे. दारावर कुणी "फोटो काढावाच लागेल" म्हणालं, तर "मी ओळखपत्र दाखवून जाते" असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरी योजना परदेशी जाणाऱ्यांसाठी. तिचं नाव 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम', म्हणजे विश्वासू प्रवाशांची योजना. आपल्या गटात जिची परतफेड नेहमी वेळेवर असते, तिच्या कर्जावर बैठकीत फार चर्चा होत नाही ना? तसंच हे. सरकार आधीच चौकशी करून ठेवतं, म्हणून विमानतळावर वेळ वाचतो. केंद्रीय गृह मंत्रालयानं ही योजना २२ जून २०२४ ला दिल्लीत सुरू केली. १६ जानेवारी २०२५ ला मुंबई आणि अहमदाबादसह आणखी सात विमानतळांवर ती आली. खानदेशातून जाणाऱ्यांना ही दोन्ही ठिकाणं सोयीची.

अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. चौकशी झाली की निरोप येतो. मग ठरलेल्या ठिकाणी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यायचा. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर चालते. नंतर जाता-येता यंत्रावर पासपोर्ट ठेवायचा, चेहरा दाखवायचा, की दार उघडतं. भारतीय नागरिकांना याची फी नाही. म्हणजे ते दोन हजार रुपये त्या माणसाच्याच खिशात जातात. अर्ज भरता येत नसेल तर मुलाकडून, पुतणीकडून भरून घ्या आणि ओटीपी कुणाला सांगू नका.

आता दोन अडचणी आपल्याच. कापूस वेचून, निंदणी करून बोटं झिजलेली असतात. रेशनच्या दुकानात ठसा उमटत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. तसं इथेही झालं तर नोंदणी अडू शकते. दुसरी अडचण नावाची. आधारवर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, तिकिटावर तिसरंच, असं असेल तर कोणत्याही रांगेत अडवतील. म्हणून आधी नावं जुळवा. पासपोर्टचं काम आता जळगाव आणि धुळ्यातल्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात होतं, मुंबई गाठावी लागत नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. आपल्या सरकारचं दार आपल्या देशापुरतंच. अमेरिकेत उतरल्यावर तिथली रांग वेगळी. तिथे 'ग्लोबल एंट्री' नावाची योजना आहे. भारतीय नागरिकांनाही ती खुली आहे, पण तिची फी १२० डॉलर, शिवाय चौकशी आणि मुलाखत. सतत ये-जा करणाऱ्या मुलाला ती परवडेल. एकदाच नातवाला बघायला जाणाऱ्या आजीनं तो खर्च कशाला करायचा?

मग निवड कशी करायची? वर्षातून एक-दोनदा परदेशी जाणं होत असेल, तर सरकारी मोफत नोंदणी जरूर करा, तीही प्रवासाच्या बऱ्याच आधी. आयुष्यात एकदाच जायचं असेल तर साधी रांग पुरे, फक्त घरून लवकर निघा. जिला फार चालवत नाही, तिनं तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागावी. मदतनीस प्रत्येक तपासणीला सोबत राहतो, आणि एकटीनं जाणाऱ्या बाईला तोच मोठा आधार.

यातल्या कोणत्याही योजनेनं बॅगेची तपासणी टळत नाही. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, बिबडे खुशाल बांधा, पण काळ्या मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या टाकू नका. खोबऱ्यातलं तेल पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला बंदी आहे. परक्या देशात खायचं काय चालतं, तेही लेकीला आधी विचारून घ्या.

पुढच्या बैठकीत ज्यांच्या घरचं कुणी परदेशी जाणार आहे, त्यांनी पासपोर्ट, आधार आणि तिकीट सोबत आणा. तिन्हींवरची नावं एकमेकींना वाचून दाखवा. चूक घरी सापडली तर दुरुस्त होते, विमानतळावर सापडली तर विमान निघून जातं.