वृद्धांची क्षीणता व आपली दृष्टि

घरांतील वृद्ध माणसाचें वजन उतरलें, चाल मंदावली, कीं ‘आतां वय झालें’ एवढें म्हणून आपण स्वस्थ बसतों. परंतु वय होणें आणि क्षीण होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें आमच्या शेतकरी बंधूंच्या नजरेस आणावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

अमेरिकेंतील डॉक्टर लिंडा फ्रीड व त्यांचे सहकारी यांनीं सन २००१ मध्यें, ६५ वर्षें व त्यापुढील सुमारें ५,३०० माणसांच्या पाहणीवरून, क्षीणतेचीं पांच लक्षणें ठरविलीं: प्रयत्न न करतां वर्षांत साडेचार किलो वजन घटणें, सदोदित थकवा, मुठीची शक्ति कमी होणें, चाल मंद होणें आणि हालचाल फार थोडी असणें. तीन लक्षणें असलीं तर माणूस क्षीण. एक-दोन असलीं तर तो उंबरठ्यावर आहे असें समजावें. त्या पाहणींत शंभरीं सुमारें सात माणसें क्षीण निघालीं.

सन २०१२ मध्यें अशा २१ पाहण्या एकत्र तपासण्यांत आल्या. आपापल्या घरीं राहणाऱ्या ६५ वर्षांपुढील वृद्धांत शंभरीं सुमारें अकरा क्षीण व बेचाळीस उंबरठ्यावर आढळले. स्त्रियांत हें प्रमाण अधिक होतें. वयाच्या ८५ वर्षांपुढें तर चौघांत एक क्षीण होता. एका पाहणींत मात्र शंभरीं चार, तर दुसरींत एकुणसाठ निघाले. कारण मोजणीची सांखळी बदलली कीं क्षेत्रहि बदलतें.

यांतून दोन गोष्टी निघतात. बहुतेक वृद्ध क्षीण नसतात. आणि जे उंबरठ्यावर आहेत त्यांतील कित्येकांस मागें वळवितां येतें. मात्र क्षीण माणसास साधा ताप किंवा एखादें पडणेंहि कायमचें अंथरुणास खिळवूं शकतें.

वारसाच्या व वाटणीच्या नोंदी करितांना आम्हीं एक गोष्ट पुष्कळदां पाहिली. जमीन मुलांच्या नांवें झाली कीं ‘आतां तुम्ही आराम करा’ म्हणून वडिलांस ओसरीवर बसवितात. मुलांचा भाव प्रेमाचाच असतो. परंतु वर्षभरानें तेच गृहस्थ भिंतीस हात लावून उठूं लागतात. न वापरलेले स्नायु झपाट्यानें झिजतात.

बैलानें एक वेळ वैरण सोडली तर आपण रात्रीं उठून गोठ्यांत जातों. आजीची भाकरी अर्ध्यावर आली हें मात्र महिना-महिना कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तरी बंधूंनीं एवढें करावें: वृद्धांचें वजन दर दोन महिन्यांनीं पाहावें व तें घटत असल्यास डॉक्टरांस दाखवावें. त्यांच्या ताटांत डाळ, दूध, चालत असल्यास अंडें, हें नेमानें असावें. आणि झेपेल तें काम, बांधापर्यंतची फेरी कां होईना, त्यांच्या हातून काढून घेऊं नये.