गल्ल्यातले शिवराय, डब्यातले ज्ञानोबा

दोस्तांनो, घरातला सुट्ट्या पैशांचा गल्ला आज जमिनीवर पालथा करा. (आईला विचारून हं!) त्यात दोन नाणी मिळतात का बघा. एक संत ज्ञानेश्वरांचा रुपया आणि दुसरं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं. दोन्हींवर साल आहे १९९९. आणि हिंगोलीकरांनो, परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा कधी झाला? १ मे १९९९ ला! म्हणजे ही नाणी आणि आपला जिल्हा एकाच वर्षाचे. आहे की नाही गंमत?

थोर माणसं किंवा मोठे प्रसंग यांची आठवण म्हणून काढतात ती स्मरणनाणी. स्वतंत्र भारताने पहिली काढली १९६४ मध्ये, पंडित नेहरूंची. नंतर गांधीजींची, १९८२ च्या आशियाई खेळांची, १९९० मध्ये डॉ. आंबेडकरांची. यातली पुष्कळशी बाजारात फिरली, म्हणून ती दुकानात नाही, एस.टी.च्या सुट्ट्यात किंवा औंढ्याच्या जत्रेत सापडतात. फुकट!

आता शिवरायांच्या नाण्याच्या कडा मोजा बरं. अकरा भरतील. मग घरातलं लोहचुंबक आणा. ज्ञानोबांचा रुपया पटकन चिकटेल, कारण तो स्टेनलेस स्टीलचा. महाराज मात्र चिकटणार नाहीत, ते तांबं-निकेलचे. सालाच्या खाली भिंगातून पाहा. चांदणी असेल तर नाणं हैदराबादच्या टांकसाळीचं, चौकट असेल तर मुंबईचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं.

"पण याचे किती येतील?" हा तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे. खरं सांगतो, दुकानात रुपयाचे रुपयाच येतील. संग्राहक जास्त देतो ते दोन गोष्टींसाठी. नाणी किती कमी निघाली आणि तुमचं नाणं किती कोरं राहिलं. लाखोंनी निघालेलं, झिजून गुळगुळीत झालेलं नाणं कितीही जुनं असो, त्याला फारसं कुणी विचारत नाही.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. २०१२ मध्ये माता वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. "ती असतील तर लाखो मिळवा" असे निरोप मोबाइलवर फिरतात. फोन केला की समोरचा गोड बोलतो आणि आधी 'नोंदणी फी' मागतो. पैसे गेले की फोन बंद! रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की, जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही, फी किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या नावाने ते मागायचा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही, एवढं मुलांनाही कळतं.

आणखी एक. नाणं चिंचेने किंवा राखेने घासू नका! चकाकी येते खरी, पण बारीक ओरखडे पडतात आणि संग्राहक ते नाणं बाजूला सारतो. कडेला धरा, कागदी पाकिटात ठेवा, वर साल आणि कुठे मिळालं ते लिहा. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चालत नाहीत. ती कुठे दिसली तर लगेच मागून घ्या.

पणजीच्या पेटीत चारमिनार असलेलं नाणं निघालं तर? मग तो 'हाली शिक्का', निजामाचा. १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती. इथे हाली चाले आणि इंग्रजांचा राजा-राणीच्या मुखवट्याचा 'कलदार'ही येई. साधारण सात हालींना सहा कलदार मिळत. आता घरातल्या मोठ्या माणसांना कोडं घाला, ४२ हालींचे कलदार किती?